फोटोतला पांढरा रंग कुठून येतो?

साध्या कागदावर छापलेल्या फोटोत पांढरी शाई कुठेच नसते. सायन, मॅजेंटा आणि पिवळी या शाया पारदर्शक असतात. कागदावरून परतणाऱ्या प्रकाशातला ठरावीक भाग त्या शोषून घेतात, काळी शाई सावल्यांना गडदपणा देते आणि जिथे काहीच पडत नाही तिथला कोरा कागद आपल्याला ढग, दात किंवा मोगऱ्याचा गजरा म्हणून दिसतो. पण तोच फोटो फ्लॅटच्या दारावर लावायच्या पारदर्शक अ‍ॅक्रिलिक पाटीवर किंवा लालबाग-परळच्या एखाद्या मंडळाच्या काळ्या टी-शर्टवर छापायला घेतला, की कोऱ्या कागदाचा आधार नाहीसा होतो. अ‍ॅक्रिलिकवर गजऱ्याच्या जागी मागचे दार दिसते, काळ्या कापडावर गजरा काळाच राहतो आणि बाकीचे रंगही कापडात विरून जातात. म्हणून आधी पांढऱ्या शाईचा थर द्यावा लागतो. तो कुठे आणि किती द्यायचा हे फोटोत कुठेही नोंदलेले नसते, ते फाइल तयार करणाऱ्यानेच ठरवायचे असते.

शाई पांढरी दिसते ती प्रकाश विखुरल्यामुळे. भिंतीला ओला चुना लावला की आधी तो फिकट, अर्धपारदर्शक वाटतो आणि वाळल्यावरच पांढरा उठतो, कारण ओला असताना चुन्याच्या कणांभोवती पाणी असते आणि वाळल्यावर त्याची जागा हवा घेते. कण आणि भोवतालचे माध्यम यांच्या अपवर्तनांकात, म्हणजे प्रकाश वाकवण्याच्या क्षमतेत, जितका फरक, तितका प्रकाश जास्त विखुरतो. छपाईच्या शाईत कणांभोवती कायमच रेझिन, म्हणजे शाईला धरून ठेवणारा राळेसारखा पदार्थ, असते. त्याचा अपवर्तनांक सुमारे १.५, तर चुन्याचा १.६ च्या आसपास असल्यामुळे चुना तिथे जवळपास अदृश्य होईल. टायटॅनियम डायऑक्साइडच्या रुटाइल या रूपाचा अपवर्तनांक मात्र सुमारे २.७ आहे, आणि त्याचे कण २०० ते ३०० नॅनोमीटरचे, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण निम्मे ठेवले, की पातळ थरही पार्श्वभूमी झाकतो. गंमत अशी, की हे टायटॅनियम ज्या इल्मेनाइट खनिजातून मिळते, ते केरळप्रमाणे आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही काळ्या वाळूत सापडते. टायटॅनियम डायऑक्साइडच्या कणांची घनता पाण्याच्या चौपटीहून जास्त असल्यामुळे ते शाईत तळाला बसतात. म्हणून पांढऱ्या शाईच्या यंत्रात शाई ढवळण्याची किंवा सतत फिरती ठेवण्याची सोय असते.

आता फाइलकडे वळू. फोटोशॉपमध्ये चार रंगांच्या चॅनलांशेजारी एक जास्तीचा स्पॉट चॅनल जोडतात. हा चॅनल म्हणजे एक स्वतंत्र करडे चित्र असते आणि त्यात जिथे पूर्ण काळे, तिथे यंत्र पूर्ण पांढरी शाई टाकते. हा उलटा हिशेब सुरुवातीला हमखास गोंधळात टाकतो. पडद्यावर पांढऱ्यावर पांढरे दिसणार नाही, म्हणून हा चॅनल दाखवण्यासाठी सहसा भडक गुलाबीसारखा एखादा रंग निवडतात. तो केवळ पाहण्यापुरता असतो.

अ‍ॅक्रिलिकवरच्या चौकोनी फोटोसाठी संपूर्ण चौकोन शंभर टक्के भरला की काम भागते. काळ्या टी-शर्टवर मात्र खरी कसोटी लागते. तिथे फोटोतल्या काळ्या सावल्यांखाली पांढरे नको असते, कारण कापडच ती सावली पुरवते. म्हणून बरेच जण फोटो करडा करतात, त्यातले काळे-पांढरे उलटे करतात आणि तोच पांढऱ्याचा चॅनल म्हणून देतात. माझ्या मते ही पद्धत सोपी आहे, पण चुकीची आहे. करडे करण्याचे प्रचलित सूत्र डोळ्याच्या संवेदनक्षमतेवर बेतलेले असते आणि त्यात लालचा वाटा सुमारे ३० टक्के, हिरव्याचा ५९ टक्के आणि निळ्याचा ११ टक्के धरतात. गणपतीला वाहिलेले लालभडक जास्वंद या सूत्राने गडद करडे होते, त्याखाली जेमतेम तिसरा हिस्सा पांढरी शाई पडते आणि फूल विटकरी, मरगळलेले छापले जाते. त्याऐवजी करडे करताना प्रत्येक पिक्सेलच्या लाल, हिरव्या आणि निळ्या मूल्यांपैकी सर्वांत मोठे मूल्य घ्यावे. जास्वंदाचे लाल मूल्य कमाल असल्यामुळे त्याखाली भरपूर पांढरे मिळते, आणि तिन्ही मूल्ये कमी असलेल्या सावल्या कोऱ्या राहतात.

कडांचा प्रश्न वेगळा आहे. पांढरा थर आणि रंगांचा थर केसभर जरी सरकले, तरी आकृतीभोवती पांढरी रेघ डोकावते. म्हणून पांढरा थर कडेपासून एक-दोन पिक्सेल आत ओढतात. याला चोक म्हणतात. ३०० पीपीआयच्या, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेलच्या, फाइलीत दोन पिक्सेल म्हणजे सुमारे ०.१७ मिलिमीटर. भुरभुरणारे केस, धूर किंवा विरत जाणारी सावली यांना हा उपाय पुरत नाही. विशेषतः डीटीएफ (डायरेक्ट-टू-फिल्म), म्हणजे आधी फिल्मवर छापून मग कापडावर उतरवण्याच्या छपाईत फिल्मवर आधी रंग आणि त्यावर पांढरा थर पडतो, आणि चिकटवणारी पूड त्या ओल्या पांढऱ्या थराला धरते. जिथे पांढरे नाही, तिथे रंग कापडावर टिकतच नाही. म्हणून अशा मऊ कडा अर्धपारदर्शक न ठेवता लहान-मोठ्या ठिपक्यांत, म्हणजे हाफटोनमध्ये, मोडाव्या लागतात.

बाकीची तयारी शिस्तीची आहे. यंत्र चालवणारे रिप सॉफ्टवेअर स्पॉट चॅनल नावावरून ओळखते, त्यामुळे ते नाव छापखान्याकडून अक्षरन् अक्षर विचारून घ्यावे. इलस्ट्रेटरमध्ये पांढरा आकार रंगांच्या वर असेल, तर त्याला ओव्हरप्रिंट, म्हणजे खालचे रंग न कापता त्यांच्यावरच छापण्याची सूचना, द्यावे, नाहीतर खालचे रंग कापले जातात. फाइल टिफ किंवा पीडीएफमध्ये द्यावी. जेपीईजीमध्ये स्पॉट चॅनल जतनच होत नाही, त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेली फाइल इथे निरुपयोगी ठरते.

अ‍ॅक्रिलिकच्या मागच्या बाजूने छापायचे असेल, तर चित्र आरशातल्यासारखे उलटे करून आधी रंग आणि शेवटी पांढरे छापतात. काचेमागे चित्रे काढणारे जुने चित्रकारही याच क्रमाने, आधी दागिन्यांचे बारकावे आणि शेवटी पार्श्वभूमी रंगवत असत. मागून दिवे असलेल्या पाटीसाठी आणखी एक अडचण येते. दिवसा प्रकाश रंगाच्या थरातून आत जातो, पांढऱ्यावर आपटतो आणि पुन्हा त्याच थरातून बाहेर येतो, म्हणजे तो रंग दोनदा ओलांडतो. रात्री मागून येणारा प्रकाश तो एकदाच ओलांडतो आणि फोटो फिका पडतो. म्हणून अशा पाट्यांवर रंग, पांढरे आणि पुन्हा रंग असे तीन थर देतात. मधला पांढरा थर दिवसा रंग उठवण्याइतका दाट आणि रात्री दिव्याचा प्रकाश येऊ देण्याइतका विरळ असावा लागतो. तो किती टक्के ठेवायचा हे पडद्यावर कळत नाही. त्याच अ‍ॅक्रिलिकच्या तुकड्यावर ४० पासून १०० टक्क्यांपर्यंतच्या पट्ट्या छापून, त्या दिव्यासमोर धरून ठरवावे लागते.