जिज्ञासाधारित शिक्षण (पूर्वप्राथमिक)

जिज्ञासाधारित शिक्षण : मुलाला पडलेला किंवा त्याच्यापुढे मुद्दाम ठेवलेला प्रश्न धरून पाहणे, हाताळणे, अंदाज बांधणे, करून बघणे आणि त्याविषयी बोलणे यांतून शिकण्याची रीत. तीन ते सहा या वयात तिला प्रयोगशाळा लागत नाही, वही-पाटीही लागत नाही. हाताशी येणारी वस्तू, थोडा निवांत वेळ आणि उत्तर सांगून टाकण्याची घाई नसलेला एक मोठा माणूस, एवढे पुरते. यांपैकी पहिली गोष्ट विदर्भाच्या खेड्यात मुबलक आहे. दुसरी आणि तिसरी मिळणे कठीण.

मुलांना नुसते मोकळे सोडणे म्हणजे ही पद्धत नव्हे. मोकळ्या खेळात मूल स्वतःच्या मर्जीने रमते आणि त्याचे महत्त्व वेगळे आहे. इथे शिकवणारी व्यक्ती खेळात एखादा प्रश्न सोडते, साहित्य बदलते, ‘आता काय होईल?’ असे विचारते आणि मग गप्प बसते. हे गप्प बसणे फार कमी जणांना जमते. अमेरिकेतील विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात प्राथमिक वर्गांतील संभाषणे तपासली, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात असे दिसले. हा अवकाश तीन सेकंदांवर नेला की मुलांची उत्तरे लांबतात आणि एरवी न बोलणारी मुलेही तोंड उघडतात.

पूर्वपीठिका

शिक्षणाचा आरंभ मुलाच्या अनुभवातून व अडचणीतून व्हावा, ही मांडणी अमेरिकी शिक्षणतत्त्वज्ञ जॉन ड्यूई (१८५९–१९५२) यांची. मूल स्वतः जगाशी झटापट करून समज रचते हे स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी दाखवले, तर त्या झटापटीत जाणत्या माणसाचे बोट किती मोलाचे असते हे रशियन मानसशास्त्रज्ञ लेव व्हिगॉट्स्की यांनी. योगायोग असा की हे दोघेही १८९६ सालचे. गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर काढले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक लग्नानंतर काही वर्षे अमरावतीत राहिल्या होत्या, पण त्यांचे मोठे काम पुढे तेव्हाच्या ठाणे (आताच्या पालघर) जिल्ह्यात, बोर्डी आणि कोसबाडला उभे राहिले. बालवाडी मुलांच्या अंगणात नेण्याची कल्पना तिथलीच. अनुताई वाघ यांनी ती दीर्घकाळ चालवली.

विदर्भाचा स्वतःचा धागा वर्ध्याचा आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीमची, म्हणजे हातकामातून शिकवण्याची गांधींची, योजना पुढे आली. ती सात वर्षांपुढच्या मुलांसाठी होती. १९४५ च्या सुमारास गांधींनी तिची व्याप्ती जन्मापासून मृत्यूपर्यंत वाढवली आणि सेवाग्रामात पूर्व-बुनियादी शिक्षणाचा, म्हणजे लहान मुलांच्या शिक्षणाचा, स्वतंत्र विचार सुरू झाला. सफाई, बागकाम, स्वयंपाक, सूत यांतूनच मूल शिकते, हे सूत्र जिज्ञासाधारित शिक्षणाच्या फार जवळचे आहे. फरक एवढाच की नई तालीममध्ये कामाला अग्रमान आहे, इथे प्रश्नाला.

शासकीय पातळीवर २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तिच्या सेवांत पूर्वशालेय शिक्षण होतेच. तरी गावात अंगणवाडी ओळखली गेली ती खाऊ, वजन आणि लसीकरणासाठी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ हा पाच वर्षांचा पायाभूत स्तर मानला. त्यावरचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा ऑक्टोबर २०२२ मध्ये आला आणि खेळ, शोध, संवाद हे शब्द अधिकृत कागदावर आले.

एक उदाहरण : तान्हा पोळा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पूर्व विदर्भात तान्हा पोळा भरतो. मुले लाकडी बैल सजवून, दोरीने ओढत घरोघरी नेतात आणि बोजारा (खाऊ-पैसे) मिळवतात. त्या आठवड्यात अंगणवाडीत येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मुलाकडे चाके असलेली एक वस्तू असते. इतके चांगले साहित्य कुठल्याही संचात येत नाही.

एखादे मूल तक्रार करते, “बाई, माहा बैल चालूनच नाही राह्यला.” सेविका चाक दुरुस्त करून देऊ शकते. पण ती विचारते, “काहून बरं? कुठी अडून राह्यला तो?” कोणी म्हणते चाक लहान आहे, कोणी म्हणते मातीत फसते, कोणी म्हणते बैल भुकेला आहे. ही तिन्ही उत्तरे घ्यायची. तिसऱ्यावर हसायचे नाही, कारण त्या मुलाने कारण शोधले आहे, फक्त लाकडी बैलाला त्याने जिवंत धरले आहे. मग बैल ओल्या मातीवर, सारवलेल्या अंगणात आणि ग्रामपंचायतीच्या सिमेंटच्या ओट्यावर ओढून पाहतात. फळीचे एक टोक विटेवर ठेवून उतार केला की बैल आपोआप धावतो. दोन विटा ठेवल्या तर? ‘आधी सांगा, मग सोडू’ एवढा नियम पाळला की अंदाज आणि पडताळा या दोन गोष्टी मुलांच्या अंगवळणी पडू लागतात. कोणाचा बैल किती लांब गेला हे पावलांनी मोजताना आकडे येतात. कोणाचे पाऊल मोठे, कोणाचे लहान, यावरून भांडण होते आणि मोजायला सगळ्यांचे माप एकच हवे, इथवर पाच वर्षांची मुले पोचतात. घर्षण हा शब्द मात्र कोणी उच्चारायची गरज नाही.

लाभ

पहिला आणि सर्वांत भरघोस लाभ भाषेचा. ‘हे काय आहे?’ या प्रश्नाला एका शब्दाचे उत्तर असते. ‘असं का झालं?’ याला वाक्य लागते, आणि त्या वाक्यात ‘कारण’, ‘म्हणून’, ‘जर’, ‘नाहीतर’ ही जोडणी आपोआप येते. पुढे वाचलेले समजण्यासाठी अक्षरओळखीइतकीच ही जोडणी उपयोगी पडते. बार्बरा टिझार्ड आणि मार्टिन ह्यूज यांनी इंग्लंडमधील चार वर्षांच्या मुलींची घरातील व बालशाळेतील संभाषणे ध्वनिमुद्रित केली. त्यांचे १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष आजही बोचतात : घरी आईला सतत प्रश्न विचारणारी मुलगी शाळेत जवळपास प्रश्नच विचारीत नव्हती, आणि हे कष्टकरी घरांतल्या मुलींबाबतही खरे होते. प्रश्न घरात असतात. ते अंगणवाडीच्या उंबरठ्यावर का थांबतात, हे पाहायला हवे.

दुसरा लाभ शोध चालू ठेवण्याच्या वृत्तीचा. एलिझाबेथ बोनाविट्झ व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अनेक करामती लपलेले एक खेळणे मुलांना दिले. ज्यांना मोठ्या माणसाने ‘हे असे चालते’ म्हणून एक करामत शिकवली, ती मुले तेवढीच करत राहिली. ज्यांना तसे शिकवले नव्हते, त्यांनी बाकीच्या करामती अधिक शोधल्या. शिकवल्याने ती एक गोष्ट लवकर येते, पण शोध तिथेच आटोपतो.

वर्गीकरण, तुलना, क्रम लावणे ही गणिताची पूर्वतयारी बियांतून सहज होते. तूर, हरभरा, मूग, चिंच, सीताफळ, करडई : रंगाने लावा, आकाराने लावा, ‘कोणतं बी आधी फुटन?’ म्हणून ओल्या फडक्यात बांधून ठेवा. रोज पाहायचे, उकरायचे नाही. ही वाट पाहणे म्हणजे स्वतःवर ताबा ठेवण्याचा सरावच. एकाच फडक्याभोवती सहा मुले बसली की पाळी धरणे आणि दुसऱ्याचे म्हणणे खोडून न काढता आपले सांगणेही येते, अर्थात रोज नाही आणि सगळ्यांना नाही.

मर्यादा

या पद्धतीविषयी अतिशयोक्ती पुष्कळ होते. मार्गदर्शनाशिवाय सोडलेला शोध नवशिक्यांना फारसा फळत नाही, अशी टीका किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी २००६ मध्ये केली. त्यानंतरच्या अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातही साहाय्यासह केलेला शोध उपयोगी आणि निराधार शोध तोकडा असेच चित्र निघाले. गाणी, बडबडगीते, गोष्टी, हात धुण्याची सवय या गोष्टी सरळ सांगून, करून दाखवून शिकवाव्यात. त्यांत शोधण्यासारखे काही नाही. विंचू चावतो का, हाही करून पाहण्याचा प्रश्न नव्हे.

विदर्भातील स्थिती

कापूस पट्ट्यात एक धोका विशेष सांगायला हवा. बाजारातील कपाशीच्या बियाण्याला कीटकनाशकाचा रंगीत लेप असतो. ते दिसते सुंदर, म्हणून मोजायला वा रुजवायला घेण्याचा मोह होतो. ते मुलांच्या हाती देऊ नये. फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे-बाटल्या कितीही धुतल्या तरी पाणी मोजायला वापरू नयेत. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणीतून झालेल्या विषबाधेनंतर हे वेगळे पटवून द्यावे लागू नये. बी घ्यायचे ते घरच्या कणगीतले.

भाषेचा प्रश्न याहून खोल आहे. मेळघाटातील धारणी-चिखलदऱ्यात मूल कोरकू बोलते, भामरागडकडे माडिया, गडचिरोलीच्या बऱ्याच भागात गोंडी. प्रमाण मराठीत विचारलेल्या ‘का?’ला ते मूल गप्प राहते, आणि त्या गप्पपणाचा अर्थ न समजणे असा लावला जातो. वास्तविक पहाटे आईसोबत मोहफुले वेचायला गेलेल्या त्या मुलाला फुले कधी गळतात, झाडाखालचा पाला आधी का साफ करतात, हे सेविकेपेक्षा जास्त ठाऊक असू शकते. त्याची भाषा जाणणारी मदतनीस अशा वेळी वर्गातली खरी शिक्षिका ठरते. ज्या ठिकाणी प्रश्न आधी घरच्या बोलीत विचारला जातो आणि मराठी शब्द मागाहून येतात, तिथे ही पद्धत टिकते. वऱ्हाडी आणि झाडीबोलीलाही हेच लागू आहे.

वेळेचे गणित बिकट आहे. आहार, वजन-उंची, गृहभेटी, २०२१ पासून पोषण ट्रॅकर ॲपवरच्या नोंदी यांतून सेविकेच्या हाती सलग वेळ थोडा उरतो. उन्हाळ्यात अंगणातला उपक्रम सकाळी लवकरच उरकावा लागतो. कापूस वेचणीच्या दिवसांत मोठी भावंडे आणि धाकटी मुलेही आईबरोबर शेतात जातात, तेव्हा आठवडाभर चालणारा विषय मध्येच तुटतो. म्हणून एका दिवसात सुरू होऊन संपणारा प्रश्न खेड्यात अधिक व्यवहार्य : कोणते पान पाण्यावर तरंगते, कोणते बुडते, कवेलूच्या फटीतून आलेला उन्हाचा ठिपका जेवणाआधी कुठे होता आणि नंतर कुठे गेला.

आणि पालक. तालुक्याच्या कॉन्व्हेंटची, म्हणजे इंग्रजी शाळेची, गाडी गावात येऊ लागल्यापासून तीन वर्षांच्या मुलाने ए-बी-सी-डी लिहावी ही अपेक्षा वाढली आहे. तीत चूक काढणे सोपे, पण मजुरी करणाऱ्या आईला वहीत काहीतरी दिसले पाहिजे असे वाटते ते उगाच नाही. शिक्षणाने काय मिळते हे तिने दुरून पाहिले आहे. बैलाच्या उतारावर मुलाने केलेला अंदाज वहीत उमटत नाही. काही सेविका यावर एक साधा उपाय करतात. मुलाने विचारलेला प्रश्न त्याच्याच शब्दांत, त्याच्या नावासह मोठ्या कागदावर लिहून भिंतीला लावतात आणि पालक येतात त्या दिवशी मोठ्याने वाचून दाखवतात. पालकांकडून बिया, जुनी भांडी, बांबूचे तुकडे, टोपल्या विणायची कला मागून घेतली की त्यांचाही वर्गात शिरकाव होतो. बुरूडकाम करणारा आजोबा एका सकाळी जेवढे प्रश्न उपजवतो तेवढे तक्ता लावून उपजत नाहीत.