अँटीव्हायरस घ्यायच्या आधी जरा हे वाचा

आमच्या शहापुरातल्या दुकानात रोज कोण ना कोण तरी दारातनंच विचारतंय, "काय ओ, चांगला अँटीव्हायरस कुठला? एक देऊन टाका की." आम्ही विकतो, नाही म्हणत नाही. पण आधी आम्ही उलट विचारणार, मशीनवर विंडोज कुठलं हाय?

विंडोज १० नाहीतर ११ असेल तर मायक्रोसॉफ्ट डिफेंडर आत आधीच बसलेला असतोय, फुकट. घरात एकच कॉम्प्युटर, पोरांचा अभ्यास, हेस्कॉमचं लाइट बिल, शेताचा उतारा आणि राहिलेल्या वेळात यूट्यूब, एवढ्याला तो पुरतो बघा, फक्त विंडोज १० चं काय ते खाली वाचा. स्पायवेअरसाठी, म्हणजे आपली माहिती चोरून बाहेर पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी, वेगळं काय घ्यायचं असंही विचारतात. पूर्वी दोन्ही वेगळं असायचं, डिफेंडर स्वतःच सुरवातीला नुसता स्पायवेअर पकडायचा, विंडोज ८ पासनं म्हणजे २०१२ पासनं त्यात पूर्ण अँटीव्हायरस आला. आता कुठल्याही बऱ्या अँटीव्हायरसमध्ये दोन्ही एकत्रच येतंय, त्यामुळे दोन वेगळे डबे कोण गळ्यात मारत असेल तर घेऊ नका.

विंडोज ७ वाल्यांना मात्र स्पष्टच सांगतो, त्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, आणि विंडोज १० चा पण १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. विंडोजमधलीच भोकं बुजवायची बंद झाली की वरनं कितीही महागाचा अँटीव्हायरस टाका, उंदीर येणारच. तिथं आधी विंडोजचं बघूया, अँटीव्हायरसचं नंतर.

मग पैसे घालायचे कधी? घरातच डीटीपीचं काम असेल, टॅलीचा डेटा असेल, दिवसभर दहा जणांचे पेनड्राइव्ह लागत असतील, किंवा पोरांवर लक्ष ठेवायला पॅरेंटल कंट्रोल पाहिजे असेल, अडलं तर फोनवर बोलायला माणूस पाहिजे असेल, तर घ्या. क्विक हील पुण्याची कंपनी, सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरच्या काटकर बंधूंनी उभी केलेली, आपल्या माणसांची म्हणून बरेच जण तेच मागतात. मागा की, पण नुसत्या अभिमानावर नको, टेस्ट बघून मागा. जर्मनीतली एव्ही-टेस्ट नावाची संस्था संरक्षण, वेग आणि वापरायची सोय अशा तिन्हीला ६-६ मार्क देते, एकूण १८, निकाल त्यांच्या साइटवर फुकट बघायला मिळतात. ४ जीबी रॅमचं जुनं मशीन असेल तर वेगाचे मार्क आधी बघा, नाहीतर अँटीव्हायरस पळेल आणि टॅली झोपेल. आणि बॉक्सवर किती पीसी, किती वर्षं ते वाचा. वर्ष संपल्यावर पैसे आपोआप कापून घेणारं ऑटो रिन्यूअल चालू आहे का तेवढं पण बघा.

फुकटातल्या बाहेरच्या अँटीव्हायरसबद्दल एक सांगायचं म्हणजे फुकट म्हणजे काय ते बघून घ्या. अव्हास्टनं लोक कुठल्या कुठल्या साइटवर जातात त्याचा डेटा विकला म्हणून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २०२४ मध्ये त्यांना १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. स्पाय पकडायला ठेवलेलाच स्पाय निघाला म्हणायचं. मालवेअरबाइट्सचं फुकटातलं चांगलं आहे, पण ते तुम्ही स्कॅन दाबाल तेव्हाच काम करतंय, राखण करत बसत नाही.

मागे खानापूरकडनं एक सीपीयू आला, चालूच व्हायला चहा पिऊन होईल एवढा वेळ. बघतो तर आत दोन अँटीव्हायरस, एक मुलानं टाकलेला, एक भाच्यानं, दोघं एकमेकांच्याच फायली तपासत बसलेले, आणि वर क्रॅक टाकलेलं, म्हणजे लायसन्स न घेता चोरून चालवलेलं फोटोचं सॉफ्टवेअर, खरा रोग त्यातच होता. क्रॅक टाकताना "अँटीव्हायरस बंद करा" असं लिहिलेलं असतंय आणि आपण करतो. दोनातला एक काढला, क्रॅक काढलं, मशीन पळायला लागलं.

पेनड्राइव्हचं पण बघा. झेरॉक्सच्या दुकानातनं प्रिंट काढून आणलात आणि फोल्डरच्या चित्राच्या कोपऱ्यात छोटा बाण दिसला, साइज नुसती एक-दोन केबी, तर तो फोल्डर नव्हे, शॉर्टकट व्हायरस आहे. त्यावर क्लिक करू नका आणि घाबरून फॉरमॅट पण मारू नका, बहुतेक वेळा तुमच्या फायली आतच लपवलेल्या असतात, आम्ही काढून देतो.

स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस" असं सारखं येत असेल तर बहुतेक वेळा तो व्हायरसच नसतो, कुठल्यातरी साइटला तुम्ही नोटिफिकेशन अलाऊ केलेलं असतंय. क्रोमच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशन्स उघडून ती साइट काढून टाका, गप्प बसतंय. त्यात दिलेल्या नंबरवर फोन करू नका. केलाच असेल आणि खात्यातनं पैसे गेले असतील तर आमच्याकडे यायच्या आधी १९३० ला, म्हणजे सरकारच्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा, तिथं जेवढं लवकर तेवढं बरं.

मशीन आणताना नुसता सीपीयू आणा, मॉनिटर नको. लॅपटॉप असेल तर चार्जर विसरू नका. जुन्या अँटीव्हायरसचा बॉक्स किंवा कीचा फोटो असला तर तो पण आणा, दिवस शिल्लक असतील तर तेच परत टाकून देतो, नवीन घ्यायला लावत नाही. दुपारी दोन ते चार दुकान बंद असतंय.