स्वाइन फ्लूचा फैलाव कसा मोजला गेला: नाशिकच्या आकड्यांमागची पार्श्वभूमी

१९१८ च्या साथीत इन्फ्लुएन्झाचा, म्हणजेच फ्लूचा, विषाणू अजून सापडलेलाच नव्हता. माणसातला हा विषाणू १९३३ मध्ये हाती लागला. गावोगावच्या मृत्युनोंदीत बहुतेक बळी ‘ताप’ या सदरात गेले आणि नेहमीच्या वर्षांपेक्षा त्या सदरात किती भर पडली, यावरून पुढे हिशेब मांडण्यात आला. भारतापुरते हे अंदाज १ कोटी २० लाखांपासून २ कोटींपर्यंत जातात. मेले किती, एवढाच तो हिशेब होता.

आजच्या आकडेवारीचे वळण मात्र २००९ मध्ये पडले. देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू ३ ऑगस्टला पुण्यात झाला आणि साध्या सर्दीचे रुग्णही तपासणी केंद्रांपुढे रांगा लावू लागले. त्याच महिन्यात रुग्णांची अ, ब आणि क अशी विभागणी ठरली. सौम्य ताप-खोकल्याच्या ‘अ’ गटाने घरी थांबायचे. तीव्र ताप असलेल्या किंवा गर्भारपण, मधुमेह यांसारखी जोखीम असलेल्या ‘ब’ गटाला गरजेनुसार ऑसेल्टामिवीर हे विषाणूरोधक औषध द्यायचे. आणि दम लागणे, छातीत दुखणे, नखे निळसर पडणे अशी लक्षणे असलेल्या ‘क’ गटाला दाखल करून घ्यायचे. घशातील स्रावाची तपासणी फक्त या शेवटच्या गटाची. जागतिक आरोग्य संघटनेनेही जुलैमध्येच देशोदेशीच्या निश्चित रुग्णसंख्येचे तक्ते काढणे थांबवले होते.

उपचारांच्या दृष्टीने हा निर्णय बरोबर होता, कारण सौम्य रुग्णाचा अहवाल काहीही आला तरी त्याच्या उपचारात फरक पडणार नव्हता. मोजणीचे मात्र त्याने नुकसान केले, आणि त्याची चर्चा व्हायला हवी तितकी झाली नाही. साथीचा वेग काढताना सगळे रुग्ण मोजावे लागतात असे नाही. दर शंभर बाधितांपैकी पाचच नोंदले जात असतील, पण ते प्रमाण टिकून असेल, तर आलेखाचा चढ खराच राहतो. मेक्सिकोतील सुरुवातीच्या नोंदींवरून एक बाधित सरासरी १.४ ते १.६ जणांना लागण करतो, असा अंदाज निघाला. एका रुग्णापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर सुमारे ३ दिवसांचे धरले, तर रुग्ण साधारण ५ दिवसांत दुप्पट होतात. तपासणीचा निकषच साथीच्या मध्यावर बदलला, की आलेखाचा उतार साथीचा की निकषाचा, हे सांगता येत नाही. शिवाय केवळ गंभीर रुग्ण तपासल्याने निश्चित रुग्णांमधील मृत्यूंचे प्रमाण फुगते आणि आजार आहे त्याहून भयंकर भासतो. हे अंतर भरून काढण्याचा मार्ग म्हणजे लोकांच्या रक्तातील प्रतिपिंडांची, म्हणजे लागण होऊन गेल्याच्या खुणांची, पाहणी. पण तिचे निष्कर्ष साथ ओसरल्यावर हाती येतात.

ऑगस्ट २०१० मध्ये महासाथ संपल्याचे जाहीर झाले, विषाणू मात्र हंगामी होऊन राहिला. २०१५ च्या आरंभी देशभर त्याची मोठी लाट आली आणि त्याच वर्षी पावसाळ्यात नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ भरला. नाशिकमधील स्वाइन फ्लूच्या मृत्यूंचा आकडा वाचताना दुसरी अडचण येते ती छेदाची, म्हणजे तो आकडा नेमक्या किती आणि कुठल्या लोकांमधला धरायचा याची. सुरगाणा, पेठपासून धुळे-नंदुरबारपर्यंतचे अत्यवस्थ रुग्ण शहरातील रुग्णालयांत येतात. त्यामुळे मृत्यू शहरात नोंदला गेला तरी लागण कुठल्या तालुक्यात झाली हे त्यावरून कळत नाही. ‘मनपा हद्दीबाहेरील’ ही नोंद वेगळी केली, तरी त्या रुग्णाच्या घरात आणखी कोण आजारी होते, हे कागदावर येत नाही.

कोविडनंतर तपासणीची साधने वाढली, सांडपाण्यातून विषाणूचा माग काढण्याची पद्धतही परिचित झाली. सांडपाण्याला अ, ब, क लागू होत नाहीत, ही तिची जमेची बाजू. पण नमुन्यातील विषाणू नाशिककराचा की रामकुंडावर स्नानाला आलेल्या यात्रेकरूचा, हे तिलाही ओळखता येत नाही. २०२७ च्या सिंहस्थाआधी रुग्णनोंदीत निवासाचा तालुका आणि लक्षणे सुरू झाल्याची तारीख हे दोन रकाने सक्तीचे केले, तर निदान रुग्णालयातील आकड्यांचा छेद तरी सुधारेल.