हाब्सबर्ग राज्याभिषेक आणि हंगेरी-बोहेमियाची चुरस

ऑस्ट्रियाच्या हाब्सबर्ग राजघराण्याचं राज्य म्हणजे खरं तर वेगवेगळ्या राज्यांची मोळी होती, त्यामुळे व्हिएन्नात गादीवर बसलं की झालं असं नव्हतं, हंगेरीचा मुकुट वेगळा आणि बोहेमियाचा (आजचा चेक भाग) वेगळा, आणि दोन्हीकडच्या सरदारांना राजाचा अभिषेक आपल्याच मातीत व्हायला हवा असायचा.

हंगेरीत हे सगळ्यात कडक. संत स्टीफनचा मुकुट डोक्यावर आल्याशिवाय राजा कायदेशीर नाही, आणि त्याआधी सरदारांचे हक्क जपण्याची लेखी हमी द्यायची. बुडा तुर्कांकडे गेल्यामुळे 1563 पासून 1830 पर्यंत यातले बहुतेक सोहळे प्रेसबुर्गला (आजचं ब्राटिस्लाव्हा) सेंट मार्टिन चर्चमध्ये व्हायचे. नंतर उघड्यावर सगळ्यांसमोर शपथ, मग डॅन्यूबकाठच्या टेकाडावर घोडा पळवत चढायचं आणि चारही दिशांना तलवार फिरवायची, म्हणजे शत्रू कुठूनही येवो, राखण मी करीन. 25 जून 1741 ला हाब्सबर्गांची वारस मारिया थेरेसाने हे स्वतः घोड्यावर बसून केलं, बाई असून अभिषेक मात्र ‘राजा’ म्हणून, आणि सप्टेंबरमध्ये हंगेरियन सरदारांनी तिला सैन्य द्यायचं कबूल केलं. माझ्या मते सोहळ्याची खरी ताकद इथे दिसते, मान दिला आणि बदल्यात फौज मिळाली.

बोहेमियाचं उलट झालं. 1620 च्या प्रागजवळच्या व्हाइट माउंटनच्या लढाईत हाब्सबर्गांविरुद्ध उठलेले सरदार हरले, 1627 च्या नव्या कायद्याने राजा निवडायचा हक्कही गेला, तरी प्रागच्या अभिषेकाचा मान राहिला. 1741 मध्ये तिथल्या बऱ्याच सरदारांनी तिचा प्रतिस्पर्धी असलेल्या बव्हेरियाच्या कार्ल आल्बर्टला राजा मानलं, ते मारिया थेरेसाला फार लागलं, प्राग परत मिळाल्यावर 1743 मध्ये तिने तिथे अभिषेक करून घेतला.

तिचा मुलगा दुसरा योसेफ याने दोन्ही अभिषेक टाळले, कारण शपथ घेतली की हात बांधले जाणार. 1784 मध्ये हंगेरीचा मुकुट त्याने व्हिएन्नाला नेला आणि लोक इतके चिडले की 1790 मध्ये, अगदी मरणाच्या दारात असताना, तो परत पाठवावा लागला. भाऊ लिओपोल्डने मग 1790 ला प्रेसबुर्ग आणि 1791 ला प्राग, दोन्हीकडे अभिषेक करून घेतला.

चुरस पुढेही संपली नाही. 1867 मध्ये हाब्सबर्ग सम्राट फ्रान्झ योसेफचा हंगेरीत थाटात राज्याभिषेक झाला, प्रागला मात्र कधीच नाही, आणि चेक लोकांना ते कायम सलत राहिलं.