स्टॉल स्पीड आणि ड्रॅग शर्यत

स्टॉल स्पीड : ऑटोमॅटिक गाडीची चाके जखडून ठेवली, गिअर टाकला आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला, तर इंजिन ज्या आरपीएमवर (मिनिटाला जितक्या फेऱ्यांवर) जाऊन थबकते तो आकडा. येथे ‘स्टॉल’ म्हणजे इंजिन बंद पडणे नव्हे. इंजिन चालूच असते. टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर, आणि तो इंजिनाकडून गिअरबॉक्सला तेलाकरवी पोचवणारा भाग म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर. थांबलेला असतो तो त्यातील, गिअरबॉक्सकडे जाणारा टर्बाइन, म्हणजे पातीदार चाक. ड्रॅग शर्यतीत गाडी जागेवरून सुटून सरळ रेषेत पाव मैल (४०२ मी.) किंवा त्याच्या निम्मे अंतर (२०१ मी.) कापते. ती सुटते कशी, हे बरेचसे याच आकड्यावर ठरते.

बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात शर्यत म्हटले की आधी आठवतो तो बैलांचा खाली, म्हणजे रिकामा, गाडा. गाडा शर्यतींत बरेचदा वेळ ठरलेली असते आणि जोडीने किती फूट मारले ते मोजतात. ड्रॅगमध्ये अंतर ठरलेले असते आणि वेळ मोजतात. सुटतानाची किंमत मात्र दोन्हीकडे सारखीच. जोडी सुरुवातीला अडखळली तर ते फूट पुढे भरून निघणे अवघड असते. ड्रॅगमध्येही पहिल्या ६० फुटांची वेळ वेगळी नोंदतात आणि जाणकार सर्वांत आधी तीच पाहतात.

टॉर्क कन्व्हर्टरचे मूळ जर्मन अभियंता हेरमान फ्योटिंगर याच्या १९०५ च्या पेटंटात आहे. ते जहाजांसाठी होते. जहाजाच्या वाफेच्या टर्बाइनचा वेग कमी करून पाण्यातील पंख्याला देण्याचा प्रश्न त्यामागे होता. कन्व्हर्टरच्या बंद कवचात तेल असते आणि समोरासमोर दोन पातीदार चाके असतात. इंजिनाला जोडलेला इम्पेलर तेल भिरकावतो, ते टर्बाइनच्या पात्यांवर आदळते आणि टर्बाइन फिरू लागतो. या दोहोंमध्ये स्टेटर असतो. परत येणाऱ्या तेलाची दिशा बदलून तो इम्पेलरला मदत होईल असे ते वळवतो. त्यामुळे सुटण्याच्या क्षणी इंजिनाचा टॉर्क साधारण दुप्पट होऊन गिअरबॉक्सला मिळतो. गाडीने वेग घेतला की ही वाढ कमी होत जाते आणि वन-वे क्लचवर (एकाच दिशेने फिरू देणाऱ्या क्लचवर) बसवलेला स्टेटर तेलाबरोबर मोकळा फिरू लागतो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिकच्या कारखान्यात काम केलेल्या माणसाला तेलाकरवी ताकद पोचवणे नवे नाही. फरक एवढाच की त्याच्या सिलिंडरमध्ये तेलाचा दाब काम करतो, आणि कन्व्हर्टरमध्ये तेलाचा वेग.

सर्वांत मोठा गैरसमज इथे होतो. ‘तीन हजारचा कन्व्हर्टर’, म्हणजे ३,००० आरपीएमवर स्टॉल होणारा, असे दुकानदारही म्हणतो आणि घेणाराही. पण स्टॉल स्पीड हा एकट्या कन्व्हर्टरचा गुण नाही. कन्व्हर्टर किती टॉर्क पेलतो हे आरपीएमच्या वर्गावर आणि व्यासाच्या पाचव्या घातावर अवलंबून असते. इंजिनाचा टॉर्क दुप्पट केला तर तोच कन्व्हर्टर सुमारे १.४ पट आरपीएमवर स्टॉल होतो. उलट, पात्यांची घडण तीच ठेवून व्यास ११ इंचांवरून १० इंचांवर आणला, तर टॉर्क पेलण्याची क्षमता जवळजवळ ३८ टक्क्यांनी घटते आणि २,००० आरपीएमचा स्टॉल सुमारे २,५४० वर जातो. एका इंचाने एवढा फरक पडतो, म्हणून शर्यतीचे कन्व्हर्टर लहान असतात. पात्यांचा कोन आणि स्टेटरची घडण बदलूनही हा आकडा हलवता येतो. खोक्यावर लिहिलेला आकडा कोणत्या इंजिनासाठी आहे हे विचारल्याशिवाय तो विकत घेऊ नये.

गावाची उंचीसुद्धा यात येते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मी. उंचीवर आहे. इथली हवा किनाऱ्यापेक्षा सुमारे ७ टक्के विरळ असते आणि टर्बो नसलेल्या इंजिनाचा टॉर्क जवळपास तेवढाच कमी होतो. टॉर्क घटला की स्टॉलही उतरतो, पण वर्गमुळाच्या हिशेबाने, म्हणजे साधारण ३ ते ४ टक्के. चोर्ला घाट उतरून गोव्यात ३,००० वर स्टॉल होणारी गाडी बेळगावात २,९०० च्या आसपास थांबेल. कन्व्हर्टर तोच, गाडीही तीच.

शर्यतीत उंच स्टॉल हवा असतो, कारण पेट्रोल इंजिन खालच्या आरपीएमवर पुरेसा टॉर्क देत नाही. स्टॉल कमी असेल तर गाडी सुटताना दबते आणि इंजिन आपल्या जोराच्या पट्ट्यात पोचेपर्यंत वेळ निघून जातो. स्टॉल टॉर्कच्या शिखराजवळ असेल तर गाडी पहिल्या फुटापासून ओढते. टर्बो इंजिनाला तर तो आणखी गरजेचा, कारण आरपीएम चढल्याशिवाय टर्बो हवा भरू लागत नाही. गिअर बदलतानाही त्याचा उपयोग होतो. ड्रॅगवाल्यांच्या आवडत्या, दोनच गिअरच्या शेव्हरले पॉवरग्लाइडमध्ये पहिल्या गिअरचे प्रमाण १.७६ असते. ७,००० वर दुसरा गिअर (प्रमाण १) टाकला तर सरळ हिशेबाने इंजिन सुमारे ३,९८० वर कोसळायला हवे. उंच स्टॉलचा कन्व्हर्टर अशा वेळी थोडा घसरतो आणि इंजिनाला वरच धरून ठेवतो.

पण जास्त म्हणजे चांगले, असे नाही. इंजिनाला पेलणार नाही इतका उंच स्टॉल घेतला तर शर्यतीच्या पट्ट्याच्या शेवटीही कन्व्हर्टर घसरत राहतो. इंजिन ओरडते, पण गाडीचा वेग तेवढा वाढत नाही. पट्टा निसरडा किंवा टायर साधे असतील तर सुटतानाचा वाढीव टॉर्क चाके जागेवर फिरवण्यातच जातो. आधी टायर, मग कन्व्हर्टर, हाच क्रम बरोबर आहे.

शर्यतीच्या गाडीत ब्रेक दाबून मोजलेला स्टॉल बहुधा खरा नसतो, कारण जोरदार इंजिन ब्रेकवर मात करून चाके फिरवते. म्हणून अशा गाड्यांत ट्रान्सब्रेक बसवतात. तो पहिला आणि रिव्हर्स हे दोन्ही गिअर एकदम लावून गिअरबॉक्स आतूनच जखडतो आणि बटण सोडताच गाडी सुटते. या जखडलेल्या काही सेकंदांत इंजिनाची सगळी ताकद तेल तापवण्यात जाते. १५० किलोवॅटचे, म्हणजे सुमारे २०० अश्वशक्तीचे इंजिन १० किलो तेलाला दर सेकंदाला साधारण ७.५ अंश सेल्सिअसने तापवेल. कन्व्हर्टर निळा पडतो, तेलाला जळका वास येतो, तो यामुळेच.

पुणे–बेंगळुरू महामार्ग कितीही रुंद झाला तरी ती शर्यतीची जागा नव्हे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८९ नुसार राज्य सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक जागी शर्यत लावणे हा गुन्हा आहे, आणि त्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, दुधाच्या गाड्या आणि शाळकरी मुलेही असतात. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर झाल्या तशा, बंद धावपट्टीवरच्या शर्यती हाच योग्य मार्ग.

या भागात स्टॉल स्पीड ज्यांना रोज लागतो ते शर्यतवाले नसून जेसीबी आणि लोडरचे मेस्त्री आहेत. दगडाच्या खाणींवर आणि साखर कारखान्यांच्या आवारात चालणाऱ्या या यंत्रांपैकी अनेकांत टॉर्क कन्व्हर्टरच असतो. मशीन ओढत नाही अशी तक्रार आली की अनुभवी मेस्त्री इंजिन लगेच उघडत नाही. तेल गरम करून घेतो, ब्रेक लावतो, गिअर टाकून पूर्ण थ्रॉटल देतो आणि आरपीएम वाचतो. तेही पाच-सात सेकंदच, आणि समोर कोणी उभे नाही हे पाहून. आकडा कंपनीने दिलेल्यापेक्षा वर गेला तर गिअरबॉक्समधील क्लच घसरतो आहे किंवा तेल कमी आहे. थोडा खाली राहिला तर इंजिन अशक्त झाले आहे. फारच खाली, जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने घसरला, तर स्टेटरचा वन-वे क्लच गेलेला असतो आणि कन्व्हर्टर उतरवावाच लागतो. तोच क्लच उलट जाम झाला असेल, तर मात्र स्टॉल बरोबर येतो आणि ही चाचणी फसते. मशीन जागेवरून नीट उठते, पण वेग धरत नाही आणि तेल तापत जाते. तो दोष रस्त्यावर चालवूनच पकडावा लागतो.