विकत घेतलेल्या डिजिटल संगीताचा क्लाउड बॅकअप

पैसे मोजून घेतलेल्या गाण्यांच्या फाइली स्वतःकडे उतरवून घेणे, त्यांची एक प्रत इंटरनेटवरच्या साठवणुकीत ठेवणे आणि वेळ आली की ती जशीच्या तशी परत मिळवणे, या तिन्ही कामांना मिळून संगीताचा क्लाउड बॅकअप म्हणतात. घेतलेले गाणे दुकानाच्या खात्यातून पुन्हा डाउनलोड करता येते, ती दुकानाने दिलेली सोय आहे. दुकान बंद झाले, ध्वनिमुद्रिका कंपनीचा करार संपला किंवा आपले खाते अडकले, की सोय संपते. बॅकअप म्हणायचे तर फाइल आपल्या हातात हवी आणि ती एकाहून अधिक जागी हवी.

महिन्याच्या वर्गणीवर चालणाऱ्या अ‍ॅपमध्ये 'डाउनलोड' केलेली गाणी यात मोडत नाहीत. ती कुलूपबंद असतात आणि वर्गणी थांबली की वाजत नाहीत. एमपी३, एएसी किंवा फ्लॅक (आवाजाचा मूळ दर्जा न गमावता साठवणारे स्वरूप) यांपैकी एका स्वरूपातली, कोणत्याही प्लेयरवर वाजणारी फाइल मिळाली असेल तरच पुढचे सगळे लागू होते.

बंद पडलेली दुकाने

अ‍ॅपलचे आयट्यून्स स्टोअर अमेरिकेत २००३ मध्ये उघडले आणि भारतात डिसेंबर २०१२ मध्ये आले. सुरुवातीची गाणी १२८ केबीपीएसची (म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिट) आणि कुलूपबंद होती. २००९ मध्ये कुलूप निघाले व दर्जा २५६ केबीपीएस झाला. घेतलेले गाणे फुकट पुन्हा उतरवण्याची सोय मात्र २०११ मध्ये आली. त्याआधी डिस्क बिघडली की गाणी गेली, असाच प्रकार होता.

भारतीय ग्राहकाने दोन दुकाने डोळ्यांदेखत बंद होताना पाहिली. फ्लिपकार्टचे 'फ्लाइट' हे एमपी३चे दुकान फेब्रुवारी २०१२ मध्ये सुरू झाले आणि जून २०१३ मध्ये थांबले. घेतलेली गाणी उतरवून घ्यायला ऑगस्टपर्यंत मुदत होती. गूगल प्ले म्युझिकवर भारतात गाण्यांची विक्री २०१६ मध्ये सुरू झाली. २०२० मध्ये ती थांबली आणि २४ फेब्रुवारी २०२१ नंतर तिथली वैयक्तिक संग्रहालये पुसली गेली. दोन्ही वेळा आधी सूचना आली होती. पण ती ज्या ईमेलवर आली तो अनेकांनी उघडलाच नव्हता, किंवा जाहिरातींच्या ढिगात ती दिसलीच नाही. आज बँडकॅम्प या ऑनलाइन दुकानात घेतलेला अल्बम फ्लॅकसह अनेक स्वरूपांत कितीही वेळा उतरवता येतो. ही सोय उत्तम आहे, तरी तीही दुकानाचीच.

जागेचा हिशेब

२५६ केबीपीएसचे गाणे सेकंदाला ३२ किलोबाइट जागा घेते. पाच मिनिटांचे भावगीत म्हणजे सुमारे ९.६ एमबी, आणि ४५ मिनिटांचा ख्याल म्हणजे ८६ एमबी. तोच ख्याल फ्लॅकमध्ये साधारण अडीचशे एमबी होतो. दोन हजार भावगीतांचा संग्रह १९-२० जीबीपर्यंत जातो. गूगलची फुकट जागा १५ जीबी आहे आणि तीही जीमेल व फोटोंसोबत वाटून घ्यावी लागते. वनड्राइव्ह व आयक्लाउड प्रत्येकी ५ जीबी देतात, ड्रॉपबॉक्स २ जीबी. संग्रह तुकडे करून चार फुकट खात्यांत कोंबणे हा वाईट मार्ग आहे. कोणता तुकडा कुठे आहे हे दोन वर्षांनी आठवत नाही. शिवाय गूगलचे वैयक्तिक खाते दोन वर्षे वापरले नाही तर कंपनी ते काढून टाकू शकते.

२० जीबी चढवायला ५० एमबीपीएस अपलोड देणाऱ्या फायबरवर तासाभराच्या आत काम होते. काही केबल-ब्रॉडबँड जोडण्यांत डाउनलोड भरपूर असते, पण अपलोड जेमतेम ५ एमबीपीएस. तिथे तेवढ्याच कामाला नऊ तास लागतात. रोज २ जीबी देणाऱ्या मोबाइल पॅकवर दहा दिवस, तेही दुसरे काहीच केले नाही तर. मध्येच वीज गेली तर ब्राउझरमधून चाललेले अपलोड सहसा पहिल्यापासून करावे लागते. संगणकावर बसवलेले अधिकृत अ‍ॅप थांबले तिथून पुढे चालू करते. राउटरला छोटा यूपीएस लावला असेल आणि काम लॅपटॉपवर असेल, तर तासाभराची वीजकपात जाणवतही नाही.

उतरवून घेणे

आयट्यून्सच्या खरेदीसाठी मॅकवर 'म्युझिक' अ‍ॅप आणि विंडोजवर आयट्यून्स उघडून, खाते मेनूतल्या 'पर्चेस्ड' यादीत जावे आणि 'नॉट इन माय लायब्ररी' निवडावे. या यादीत जे दिसेल ते आधी उतरवावे. घेतलेले एखादे गाणे यादीतच नसेल तर बहुतेक वेळा कंपनीने ते दुकानातून काढलेले असते, किंवा खात्याचा देश बदललेला असतो. नोकरीसाठी नाशिकहून जर्मनीला किंवा अमेरिकेला गेलेली मुले खात्याचा देश बदलतात आणि भारतात घेतलेली गाणी यादीतून नाहीशी होतात. देश बदलण्याआधी सगळे उतरवून घेणे हाच उपाय.

उतरलेल्या फाइलीचे शेवटचे टोक लक्षात घ्यावे. इंटरनेट तुटल्यामुळे ८६ एमबीऐवजी ३१ एमबीवरच थांबलेली ख्यालाची फाइल काही वेळा नीट दिसते. प्लेयरमध्ये लांबी ४५ मिनिटेच दिसते, कारण तो आकडा फाइलच्या सुरुवातीच्या नोंदीतून वाचला जातो. वाजवायला घेतले तर विलंबित संपायच्या आतच आवाज तुटतो आणि द्रुत येतच नाही. म्हणून प्रत्येक लांब फाइलची शेवटची तीस सेकंदे वाजवून पाहावीत. छोट्या गाण्यांसाठी फोल्डर आकारमानाप्रमाणे लावला की शून्य केबीच्या आणि संशयास्पद लहान फाइली एका टोकाला गोळा होतात.

आयट्यून्सच्या फाइलीत खरेदीदाराचे नाव व खात्याचा ईमेल नोंदवलेला असतो. ती कुणाला देताना आपली ही माहितीही सोबत जाते.

नावे, टॅग आणि 'ऱ्य'ची अडचण

एकाच गायकाची गाणी तीन दुकानांतून घेतली की 'भीमसेन जोशी', 'पं. भीमसेन जोशी' आणि रोमन लिपीतले नाव असे तीन कलाकार तयार होतात. फाइलच्या आत लिहिलेल्या शीर्षक, कलाकार अशा माहितीला टॅग म्हणतात. ती अपलोडच्या आधी एमपी३टॅग, किड३ किंवा म्युझिकब्रेन्झ पिकार्ड यांपैकी एखाद्या टॅग सुधारण्याच्या अ‍ॅपमध्ये एकसारखी करून घ्यावी. क्रम इथे फार महत्त्वाचा आहे. टॅग बदलला की फाइल बदलते, आणि गूगल ड्राइव्ह सहसा अख्खी फाइल पुन्हा चढवते. पाचशे गाण्यांचे टॅग नंतर सुधारले तर पाचशे गाणी पुन्हा अपलोड. एमपी३चे टॅग आयडी३ या टॅग-पद्धतीच्या २.३ किंवा २.४ आवृत्तीत ठेवावेत. जुन्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला जागाच नाही, आणि मग प्रश्नचिन्हांची रांग दिसते.

मराठी फाइलनावांची एक खास अडचण आहे. 'वाऱ्या', 'दऱ्या' यांतला 'ऱ्य' संगणकात किमान तीन प्रकारे लिहिला जातो: 'ऱ' हे एकसंध अक्षर वापरून, 'र'खाली नुक्ता देऊन, किंवा 'र्'नंतर अदृश्य जोडचिन्ह घालून. जुन्या मॅकच्या फाइलरचनेत पहिला प्रकार आपोआप दुसऱ्यात बदलत असे. पडद्यावर नावे सारखी दिसतात, पण संगणकाला ती वेगळी वाटतात. एकच गाणे क्लाउडवर दोनदा दिसते, नाहीतर पडताळणीत 'फाइल सापडली नाही' असा निकाल येतो. फाइलचे नाव रोमन लिपीत आणि शीर्षक टॅगमध्ये देवनागरीत, ही तडजोड सर्वांत कमी त्रासाची. नावात प्रश्नचिन्ह, विसर्गासारखे दिसणारे कोलन किंवा तिरपी रेघ नको, कारण विंडोज ती नावे स्वीकारत नाही. ट्रॅकक्रमांक 01, 02 असा दोन अंकी आणि इंग्रजी अंकांत असावा.

पडताळणी आणि चढवणे

टॅग नीट झाले की प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ ठसा (फाइलच्या आशयावरून गणिताने काढलेली ओळखखूण) काढून यादी करावी. विंडोजमध्ये त्यासाठी सर्टयुटिल ही आज्ञा असते, मॅकवर शासम. एका बिटाचाही फरक पडला तरी ठसा बदलतो. आरक्लोन हे क्लाउडवर फाइली चढवण्या-उतरवण्याचे सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्याची 'चेक' आज्ञा क्लाउडवरची आणि घरातली प्रत परस्परांशी ताडून पाहते. चढवण्यासाठी त्याची 'कॉपी' आज्ञा वापरावी. 'सिंक' आज्ञा मुक्कामाची जागा मूळ फोल्डरसारखीच करते, म्हणजे मूळ फोल्डर रिकामा असेल तर क्लाउडही रिकामा होतो.

सगळ्यांत जास्त संग्रह याच सिंकच्या गैरसमजात जातात. फोनमध्ये जागा हवी म्हणून कोणीतरी ड्राइव्हच्या फोल्डरमधली गाणी पुसतो, आणि ती सगळीकडून पुसली जातात. गूगल ड्राइव्हची कचरापेटी ३० दिवसांनी रिकामी होते. गाणी नाहीत हे गणपतीत किंवा दिवाळीत लक्षात येते, तेव्हा मुदत उलटलेली असते. दुसरी मेख 'जागा वाचवा' या पर्यायाची आहे. तो चालू असेल तर संगणकावर फाइलचे नुसते चित्र राहते आणि खरी फाइल फक्त क्लाउडवर असते. दोन प्रती आहेत असे वाटते, प्रत्यक्षात एकच असते.

गाणी साठवून वाजवणाऱ्या सेवांना बॅकअप समजू नये. अ‍ॅपलची आयट्यून्स मॅच ही सेवा आपले गाणे ओळखून त्याच्या जागी स्वतःची २५६ केबीपीएसची प्रत देते. फ्लॅकच्या दर्जाची सीडी-प्रत तिथून तशीच परत येत नाही, आणि मैफलीतल्या ध्वनिमुद्रणाच्या जागी स्टुडिओतले मिळू शकते. यूट्यूब म्युझिकवर स्वतःची एक लाखापर्यंत गाणी चढवता येतात, पण मूळ फाइली परत घ्यायच्या तर 'टेकआउट' या गूगलमधला आपला डेटा उतरवून घेण्याच्या सोयीचा वळसा घ्यावा लागतो.

परत मिळवणे ही खरी परीक्षा. वर्षातून एकदा दुसऱ्या संगणकावर, रिकाम्या फोल्डरमध्ये, पाच अल्बम उतरवून ठसे जुळवावेत. ब्राउझरमधून मोठा फोल्डर घेतला की गूगल ड्राइव्ह त्याच्या अनेक झिप फाइली करते. त्यातली एखादी उतरायची राहिली तरी बाकीच्या निमूट उघडतात. म्हणून आधी फाइलींची संख्या मोजावी, मग जुनी प्रत पुसावी.

नाशिकमध्ये

बॅकअपचा रूढ नियम ३-२-१ असा आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. घराबाहेर म्हणजे किती बाहेर, हे नाशिककरांना गोदावरी शिकवते. पूर किती आला ते इथे नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगतात: पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला लागले. २ ऑगस्ट २०१६ आणि ४ ऑगस्ट २०१९ च्या पुरांत सराफ बाजार, भांडी बाजार भागात दुकानांत आणि तळमजल्यांत पाणी शिरले. तळमजल्यावरच्या टेबलाच्या खालच्या खणात संगणक आणि त्याच खणात बॅकअपची हार्ड डिस्क असेल, तर दोन्ही एकाच पाण्यात जातात. दुसरी डिस्क इंदिरानगर किंवा सातपूरच्या नातेवाइकांकडे, तीही वरच्या मजल्यावर ठेवली, आणि तिसरी प्रत क्लाउडवर असली, की नियम पुरा होतो. पावसाळ्यात डिस्क हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. गाडीतला पेनड्राइव्ह प्रत म्हणून धरू नये. एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडी भट्टीसारखी तापते, आणि अनेक जुन्या कार-स्टिरिओंना फॅट३२ ही जुनी फाइलरचना सोडून दुसरी वाचता येत नसल्याने तो ड्राइव्ह वेगळा बनवावाच लागतो.

कायदा आणि वारसा

कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२(१)(अ) मध्ये खासगी किंवा वैयक्तिक वापरासाठीच्या उचित व्यवहाराला मुभा आहे. विकत घेतलेल्या गाण्याची स्वतःपुरती प्रत खासगी फोल्डरमध्ये ठेवणे त्याच हेतूत बसते. त्या फोल्डरचा दुवा सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकला की तो वैयक्तिक वापर राहत नाही, आणि तक्रार आल्यास साठवणूक सेवा खाते गोठवू शकते. हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडण्यावर २०१२ मध्ये आलेल्या कलम ६५अ नुसार शिक्षा आहे.

खाते अडकण्याचे सर्वांत साधे कारण जुना मोबाइल क्रमांक आहे. ओटीपी बंद झालेल्या सिमवर जातो. क्रमांक बदलण्याआधी खात्यात नवा नोंदवावा, आणि ओटीपीशिवाय खाते उघडणारे आपत्कालीन कोड कागदावर छापून ठेवावेत. घरातले वडीलधारे गेल्यावर प्रश्न आणखी कठीण होतो. अ‍ॅपलने २०२१ मध्ये आणलेल्या 'लेगसी कॉन्टॅक्ट' सोयीतून वारसाला फोटो व कागदपत्रे मिळतात, पण खात्यावर विकत घेतलेले संगीत मिळत नाही. डिस्कवर उतरवलेल्या साध्या फाइली मात्र कोणीही उघडू शकते. त्यासाठी संग्रहाच्या वरच्या फोल्डरात 'आधी हे वाचा' नावाची एक मजकूर फाइल ठेवावी: एकूण किती गाणी, कोणत्या दुकानातून, ठशांची यादी कोणत्या तारखेची, क्लाउडचे खाते कोणत्या ईमेलवर आणि दुसरी डिस्क कोणाकडे.