ॲथलचा दुसरा ड्यूक कोणता: विल्यम मरी की जेम्स मरी?

स्कॉटलंडच्या अठराव्या शतकाच्या इतिहासात ‘ॲथलचा दुसरा ड्यूक’ असा उल्लेख आला, की तो कोणाविषयी आहे हे आधी पाहून घ्यावे लागते. विल्यम आणि जेम्स मरी हे सख्खे भाऊ, ॲथल या स्कॉटिश जहागिरीच्या पहिल्या ड्यूकचे मुलगे. १७२४ मध्ये वडील वारल्यानंतर ब्रिटिश कायद्याने जेम्सला ड्यूक मानले, तर राजगादी गमावून परागंदा झालेल्या स्ट्युअर्ट घराण्याच्या पाठीराख्यांनी, म्हणजे जॅकोबाइटांनी, विल्यमला. जॅकोबाइटांच्या १७४५च्या उठावात तर या दोन्ही ड्यूकांचा संबंध ब्लेअरच्या एकाच किल्ल्याशी येतो.

विल्यमचा जन्म १६८९चा. थोरला भाऊ १७०९ साली मालप्लाकेच्या लढाईत मारला गेल्यामुळे वारसा त्याच्याकडे आला आणि त्याबरोबर टलिबार्डिनचा मार्क्विस ही उपाधीही. १७१५ मध्ये ब्रिटनचा राजा पहिला जॉर्ज याच्याविरुद्ध अर्ल ऑफ मार या स्कॉटिश सरदाराने स्ट्युअर्टांच्या बाजूने उठाव केला, तेव्हा वडील सरकारच्या बाजूला राहिले आणि विल्यम बंडात गेला. राजद्रोही ठरलेल्या माणसाचा वारसाहक्क बुडत असे; त्यामुळे वडिलांच्या पश्चात घराण्याची पदवी आणि जहागीर दोन्ही धोक्यात येणार होती. शिवाय ड्यूकपद ही मृत्युपत्राने हव्या त्या मुलाला देऊन टाकण्याजोगी वस्तू नव्हती. म्हणून पार्लमेंटने खास कायदा करून सारा वारसा धाकट्या जेम्सकडे वळवला. ‘बापाने मुलाला बेदखल केले’ हे वर्णन त्यामुळे अपुरे ठरते.

कोणताही राजा टिकला तरी जहागीर घरातच राहावी, म्हणून अशा घराण्यांनी मुद्दाम मुले दोन्ही बाजूंना पाठवली, असे पुष्कळदा म्हटले जाते. ॲथलच्या बाबतीत मला ते फारसे पटत नाही, कारण विल्यमबरोबर चार्ल्स आणि जॉर्ज हे भाऊही १७१५च्या बंडात होते. ठरवून केलेल्या वाटणीत एवढे मुलगे एकाच धोक्यात कोणी घातले असते, असे वाटत नाही.

यानंतरची दोघांची आयुष्ये इतकी निराळी आहेत, की संदर्भ नीट वाचला तर घोटाळा होऊ नये. विल्यम फ्रान्सला निसटला, १७१९ मध्ये स्पेनच्या मदतीने परतला, ग्लेनशीलच्या लढाईत जॅकोबाइटांचा सेनापती होता आणि पराभवानंतर पुन्हा फ्रान्समध्ये हलाखीत राहिला. जेम्स मात्र १७१५ पासून पर्थशायरचा खासदार होता. पुढे १७३३ पासून तीस वर्षे त्याने स्कॉटलंडच्या राजमुद्राधिकाऱ्याचे पद सांभाळले, आणि १७३६ मध्ये आजीकडच्या नात्याने आइल ऑफ मॅन या बेटाचे अधिपत्यही त्याला मिळाले. डंकेल्डच्या परिसरात लार्चची झाडे लावणारा ‘दुसरा ड्यूक’ म्हणून ज्याचे नाव येते, तोही जेम्सच.

खरी गल्लत १७४५ची. गादी परत मिळवायला आलेल्या स्ट्युअर्ट राजपुत्र चार्ल्सबरोबर जहाजातून उतरलेल्या मोजक्या सोबत्यांत विल्यम होता, आणि १९ ऑगस्टला ग्लेनफिननला राजपुत्राचे निशाण विल्यमनेच उभारले. त्याची प्रकृती इतकी ढासळली होती, की त्याला आधार देऊन उभे करावे लागले. जॅकोबाइट सैन्य जवळ येताच जेम्स ब्लेअर सोडून गेला आणि विल्यम वडिलोपार्जित किल्ल्यात ड्यूक म्हणून राहिला. त्या काळातल्या पत्रांत ‘ड्यूक’ एवढाच शब्द असेल, तर पत्र लिहिणारा कोणत्या राजाला मानत होता यावरून भाऊ ओळखावा लागतो. पुढे मार्च १७४६ मध्ये सरकारी फौजेच्या ताब्यात गेलेल्या याच किल्ल्याला सख्ख्या भावाने, जॅकोबाइट सेनानी लॉर्ड जॉर्ज मरीने, वेढा घातला.

एप्रिल १७४६ मध्ये कलोडनच्या लढाईत जॅकोबाइटांचा पराभव झाल्यावर विल्यम शरण आला आणि ९ जुलै १७४६ रोजी लंडनच्या टॉवरमध्ये, खटला उभा राहण्यापूर्वीच वारला. तो अविवाहित असल्याने त्याच्यामागे पदवीवर हक्क सांगणारा मुलगा नव्हता. जेम्स १७६४ पर्यंत जगला, पण त्याच्यामागेही मुलगा उरला नव्हता. त्यामुळे वारसा लॉर्ड जॉर्जच्या मुलाकडे, जॉनकडे, जाऊ लागला. राजद्रोही ठरलेल्या बापाच्या मुलाला तो मिळतो का, हा प्रश्न पार्लमेंटच्या वरिष्ठ सभागृहापुढे, हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे, गेला आणि निकाल जॉनच्या बाजूने लागला. तो तिसरा ड्यूक म्हणून नोंदला गेला, म्हणजे सरकारी क्रमात दुसरा क्रमांक जेम्सचा राहिला.